केटे पाउलुस आणि सात हजार पॅराशूट

पॅराशूटने उडी घेणाऱ्याला टाळ्या मिळतात. ते पॅराशूट ज्याने शिवले, तपासले आणि घडी करून पिशवीत भरले, त्याची प्रेक्षकांना ओळखही नसते. आज या कामासाठी ‘रिगर’ नावाचा परवानाधारक कारागीर असतो. मुख्य पॅराशूटची घडी उडी घेणारा बहुधा स्वतःच घालतो. परंतु ते दगा देईल तेव्हा उघडायचे राखीव पॅराशूट अमेरिकेसारख्या देशात रिगरनेच बांधावे लागते. बांधून झाल्यावर तो त्यावर स्वतःच्या खुणेचे शिशाचे सील मारतो. पुढे काही विपरीत घडले तर कोणाला विचारायचे, हे त्या सीलवरून कळते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही वाटणी झालेली नव्हती. जर्मनीच्या केटे पाउलुस स्वतः पॅराशूट बेतत, स्वतः शिवत, स्वतः घडी घालत आणि मग त्यालाच लटकून बलूनमधून खाली येत. आपल्या शिवणीची खात्री त्यांनी स्वतःचा जीव टांगून दीडशेच्या आसपास वेळा करून घेतली.

त्यांचे पूर्ण नाव काटारिना. जन्म २२ डिसेंबर १८६८ चा, फ्रांकफुर्टजवळच्या त्सेलहाउझेन या लहानशा गावी. हे गाव तेव्हा हेसन संस्थानात होते. वडील रोजंदारीवर काम करणारे. अशा घरातल्या मुलीने हाताला काही कसब लावून घ्यायचे आणि पोटापुरते मिळवायचे, ही रीतच होती. केटे शिवणकाम शिकल्या. पुढच्या आयुष्यात त्यांना जे काही मिळाले, ते या एका कसबाच्या जोरावर मिळाले.

विशीत असताना त्यांची गाठ हेर्मान लाटेमान यांच्याशी पडली. लाटेमान हे बलूनवीर. गावोगावच्या जत्रा-प्रदर्शनांतून बलून वर चढवायचे, गर्दीच्या डोक्यावर पुरेशा उंचीवर पोहोचल्यावर पॅराशूटने खाली यायचे आणि तिकिटांच्या पैशावर पुढचे गाव गाठायचे, हा त्यांचा व्यवसाय होता. व्यवसाय मोठा बेभरवशाचा. १८८९ मध्ये चार्ल्स लेरू हा नावाजलेला अमेरिकन उडीबहाद्दर बाल्टिक किनाऱ्यावरच्या रेवाल शहरात वाऱ्याने समुद्रावर ओढला जाऊन बुडाला होता. तरीही अशा खेळांना गर्दी कमी होत नव्हती. कदाचित म्हणूनच ती वाढत होती. लाटेमान यांना माणूस हवा होता तो बलूनचे कापड फाटले तर ते सांधणारा. केटे त्यांच्या आयुष्यात आल्या त्या सुई-दोरा घेऊनच. दोघांचा विवाह ठरला. तो व्हायच्या आधीच १८९१ मध्ये त्यांना मुलगा झाला.

दोन-तीन वर्षे केटे जमिनीवरून हे सारे पाहत होत्या. १८९३ मध्ये त्या प्रथम बलूनमधून वर गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी पहिली उडीही घेतली. पॅराशूटने उतरणारी ही काही जगातली पहिली स्त्री नव्हे. फ्रान्सच्या जान लाब्रोस यांनी १७९९ मध्येच तो मान मिळवला होता. परंतु जर्मनीत बाईमाणसाने हा धंदा म्हणून पत्करणे नवे होते, आणि नवे ते पाहायला लोक दुप्पट संख्येने येत.

१७ जून १८९४ रोजी क्रेफेल्ड शहरात दोघांचा एकत्र प्रयोग होता. लाटेमान यांनी एक नवी युक्ती काढली होती. निराळे पॅराशूट बाळगण्याऐवजी बलूनमधला वायू एकदम सोडून द्यायचा आणि रिकाम्या झालेल्या त्या कापडालाच छत्रीसारखे पसरू द्यायचे, अशी ती कल्पना. ठरल्याप्रमाणे केटे यांनी आधी उडी घेतली. त्यांचे पॅराशूट उघडले. मग लाटेमान यांनी वायू सोडला, पण कापड पसरलेच नाही. चिंधीसारखे लोंबत राहिले. आपल्या पॅराशूटला लटकलेल्या केटे यांच्या डोळ्यांदेखत ते खाली कोसळले आणि गतप्राण झाले. त्यानंतर केटे यांना किती वेळ तसेच तरंगत खाली यावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दुःख एवढ्यावर थांबले नाही. पुढच्याच वर्षी घटसर्पाने मुलगाही गेला.

त्या काळी अशा स्त्रीने काय करावे याविषयी समाजाच्या कल्पना ठरलेल्या होत्या, आणि परत शिवणाच्या दुकानात जाऊन बसणे त्यांत सहज बसले असते. काही काळ शोकात काढल्यावर केटे पुन्हा बलूनकडे वळल्या. ‘मिस पॉली’ या नावाने त्यांनी स्वतःचे खेळ सुरू केले. खलाशी पद्धतीचा सदरा, गुडघ्याशी आवळलेली फुगीर तुमान आणि टोपी असा त्यांचा वेष असे. घोळदार झग्यात पॅराशूटच्या दोऱ्या अडकतात, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको होते. बलूनखाली सायकल टांगून तिच्यावर बसणे, झोक्यावर कसरती करणे हे प्रकारही त्यांनी केले. पाचशेहून अधिक वेळा त्या बलूनमधून वर गेल्या.

त्यांच्या खेळांतला सर्वांत गाजलेला प्रकार म्हणजे दुहेरी उडी. बलूनपासून सुटल्यावर पहिले पॅराशूट उघडायचे. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला की ते कापून सोडून द्यायचे. क्षणभर बाई दगडासारखी खाली येते, बायका किंचाळतात, आणि मग दुसरे पॅराशूट उघडते. प्रेक्षकांसाठी हा छाती दडपवणारा तमाशा होता. पण आज जगभरचे उडी घेणारे गुंतलेले मुख्य पॅराशूट सोडून देऊन राखीव उघडतात, ती कृती हीच. फरक इतकाच की ते नाइलाजाने करतात आणि केटे तिकीट लावून करत.

यासाठी दुसरे पॅराशूट हमखास उघडणे भाग होते, आणि त्याचे मर्म घडीत असते. जुन्या पद्धतीत पॅराशूट बलूनच्या कडेला मोकळेच लोंबत ठेवलेले असे. वारा आला की दोऱ्यांना पीळ पडे. केटे यांनी ते व्यवस्थित घडी करून पिशवीत बसवण्याची पद्धत विकसित केली. पिशवीतल्या पॅराशूटचा शोध त्यांनी एकट्यांनी लावला असे सरसकट लिहिले जाते, ते तितकेसे खरे नाही. अनेक देशांत अनेकजण त्याच मागावर होते. रशियात ग्लेब कोटेलनिकोव्ह यांनी १९११ मध्ये पाठीवर बांधायचे पॅराशूट तयार केले. पण हजारोंच्या संख्येने बनवता येईल आणि कसरत न शिकलेल्या माणसालाही वाचवील, असे पिशवीतले पॅराशूट जर्मनीत उभे केले ते केटे यांनीच.

हे काम वरवर सोपे वाटते. गोल पॅराशूट म्हणजे घेरदार घागऱ्यासारख्या कळ्यांचे शिवण: निमुळत्या कळ्या एकमेकींना जोडायच्या, प्रत्येक शिवणीवरून दोरी न्यायची, शेंड्याला हवा निसटायला भोक ठेवायचे, नाहीतर छत्री लंबकासारखी झुलते. एका कळीची टीप सैल राहिली तर उघडताना बसणारा हिसका तिथेच जोर करतो. मग घडी. लांब मेजावर कापड ताणून, कळीवर कळी नीट बसवून, एकही दोरी दुसरीवरून गेलेली नाही हे पाहून, दोऱ्या नागमोडी रचून सगळे पिशवीत भरायचे. कापड रेशमी असले तर त्याची जपणूक आणखी नाजूक. दमट राहिले की पदर एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. उन्हात राहिले की धागा जीर्ण होतो. अमेरिकी नियमांत आजही नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याच्या पॅराशूटची घडी १८० दिवस ग्राह्य धरतात, रेशमाची मात्र ६० दिवसच. त्यानंतर ते उघडून, तपासून पुन्हा बांधावे लागते.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि जत्रेतला हा खेळ एकाएकी लष्कराच्या उपयोगाचा ठरला. दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी खंदकांच्या मागे तारेने जखडलेले बलून उभारले होते. त्यांच्या टोपलीत बसलेला निरीक्षक दुर्बिणीने शत्रूच्या तोफा हेरायचा आणि दूरध्वनीवरून खाली कळवायचा. साहजिकच शत्रूची विमाने प्रथम या बलूनवर तुटून पडत. वर हायड्रोजन भरलेला. एक पेटती गोळी लागली की सारे काही क्षणांत भस्म. खालचे रहाट तार गुंडाळून बलून उतरवीपर्यंत उशीर झालेला असे. निरीक्षकाला एकच वाट उरे: टोपलीच्या कठड्यावरून बाहेर झोकून देणे.

हा माणूस कसरतपटू नव्हता. कधी उडी न घेतलेला, थंडीने बोटे गारठलेला आणि घाबरलेला तोफखान्याचा अधिकारी होता तो. त्याला दोरी ओढायची आठवण राहील, यावर विसंबता येत नव्हते. म्हणून पॅराशूटची पिशवी टोपलीच्या बाहेर टांगलेली असे आणि तिच्यातली दोरी त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना आधीच जोडलेली. त्याने उडी घेतली की त्याच्या वजनानेच सारे बाहेर ओढले जाई. बाकीची जबाबदारी बर्लिनमध्ये शिवणयंत्रावर बसलेल्या हातांची आणि घडी घालणाऱ्यांची.

बर्लिनच्या रायनिकेनडॉर्फ भागातल्या केटे यांच्या कारखान्यातून युद्धकाळात सुमारे सात हजार पॅराशूट लष्कराला गेले. बलूनची आवरणेही त्यांनी पुरवली. १९१६ मध्ये व्हर्दंच्या रणांगणावर त्यांच्या पॅराशूटमुळे वीस निरीक्षकांचे प्राण वाचल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आवर्जून येते. त्याच आभाळात लढणाऱ्या वैमानिकांना मात्र पॅराशूट नव्हते. जर्मन वैमानिकांना ते १९१८ मध्ये मिळू लागले, ब्रिटिशांना युद्ध संपेपर्यंत नाहीच. १९१७ मध्ये जर्मन सरकारने केटे यांना युद्धसाहाय्याबद्दलचे पदक दिले. ज्या सैन्याच्या तोफांना हे निरीक्षक नेमके लक्ष्य दाखवत, त्या तोफांनी किती माणसे मारली हा प्रश्नही इथे डोकावतो. शिवणाऱ्या हातांना त्याचा हिशेब विचारणे योग्य नव्हे. पण तो विसरून केवळ वाचलेले मोजणेही एकांगी ठरेल.

युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानदल आणि बलून ठेवण्यास बंदी केली. लष्कराची मागणी संपली. केटे यांच्याजवळ साठवलेला पैसा होता, पण १९२३ च्या महागाईने तो गिळला. युद्धापूर्वी चार मार्कांच्या आसपास मिळणारा डॉलर त्या नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला. आयुष्यभराची पुंजी भाकरीच्या किमतीचीही उरली नाही. पंचावन्नाव्या वर्षाला आलेल्या या बाईंनी त्यानंतरची वर्षे बर्लिनमध्ये साधेपणाने काढली.

२६ जुलै १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय ६६ वर्षांचे होते. पाचशेहून अधिक आरोहणे आणि इतक्या उड्यांनंतरही त्यांचा शेवट जमिनीवर, आजारपणात झाला. त्यांना रायनिकेनडॉर्फमध्येच पुरले आहे.