स्वतःच्या चुका मोजणारा शल्यविशारद

नांदेडच्या डॉक्टर लेनमधून किंवा लातूरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयासमोरून जाताना, गुडघे आणि खुबे बदलून मिळतील असे सांगणारे फलक आता कोणाचे लक्ष वेधून घेत नाहीत. एके काळी या शस्त्रक्रियेसाठी मराठवाड्यातील रुग्णाला सोलापूर, हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. आता ती घराजवळ होते, आणि काठीच्या आधारानेही उठू न शकणारी आजी काही आठवड्यांत अंगणात फिरू लागते. शस्त्रक्रियेपूर्वी घरची मंडळी डॉक्टरांना सहसा दोनच प्रश्न विचारतात : खर्च किती येईल आणि चालता कधी येईल? हा सांधा दहा वर्षांनी कसा असेल आणि ते कोणी मोजून पाहिले आहे का, हा तिसरा प्रश्न बहुधा राहूनच जातो. सर जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाने तोच प्रश्न स्वतःला जन्मभर विचारला. आजचे सांधेरोपण उभे आहे ते त्यांच्या हातच्या कौशल्यावर जितके, तितकेच त्यांनी ठेवलेल्या स्वतःच्या अपयशाच्या हिशेबावर.

चार्नली यांचा जन्म लँकेशायर परगण्यातील बरी या गिरणगावी २९ ऑगस्ट १९११ रोजी झाला. वडील औषधविक्रेते होते, तर आई परिचारिका. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप मिळविली. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. डंकर्कच्या माघारीचा अनुभव घेऊन ते पुढे कैरोला गेले. तेथे जखमी सैनिकांच्या मोडलेल्या हाडांसाठी आधारपट्ट्या आणि उपकरणे तयार करणाऱ्या लष्करी कार्यशाळेशी त्यांचा संबंध आला. लेथ, कानस आणि पक्कड यांच्याशी तेथे जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे त्यांनी घरीच कार्यशाळा उभारली आणि शस्त्रक्रियेची कित्येक अवजारे तेथे आकाराला आली.

युद्धानंतर ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात काम करताना त्यांच्या स्वभावाची ओळख पटवणारी एक घटना घडली. शरीरात कलम केलेला हाडाचा तुकडा नेमका कसा वागतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याला स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करायला लावली. जखमेत जंतुसंसर्ग झाला, हाडापर्यंत पोहोचला आणि चार्नली यांना रुग्ण म्हणून पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडून राहावे लागले. हाडातील जंतुसंसर्ग म्हणजे काय, याचा धडा त्यांना पुस्तकाबाहेर असा मिळाला. त्याचे मोल पुढे हजारो रुग्णांच्या कामी आले.

मँचेस्टरला परतल्यावर अस्थिभंगावरील उपचारांत त्यांनी नाव मिळविले. शस्त्रक्रिया न करता मोडलेली हाडे जुळविण्याच्या पद्धतींवर त्यांनी १९५० मध्ये लिहिलेला ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. मात्र त्यांचे मन गुंतले होते ते खुब्याच्या सांध्यात. त्या काळी झिजलेल्या खुब्यावर खात्रीचा इलाज नव्हता. सांधा कायमचा जखडून टाकला की वेदना थांबत, पण पाय काठीसारखा ताठ होई. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी १९४६ पासून मांडीच्या हाडाचा गोलाकार माथा काढून तेथे ॲक्रिलिकचा गोळा बसविण्यास सुरुवात केली होती. सुरुवातीचे निकाल आशादायक वाटले, पण पुढे ते गोळे झिजू लागले, सैल होऊ लागले.

असाच गोळा बसविलेला एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. त्याची तक्रार वेदनेची नव्हती. चालता-वाकताना त्याचा खुबा कुरकुरत असे. जेवणाच्या टेबलावर तो मीठ घ्यायला पुढे झुकला, तरी त्या आवाजाने हैराण झालेली त्याची पत्नी खोलीतून निघून जाई. इतरांनी ही गोष्ट हसून सोडून दिली असती. चार्नली यांनी मात्र त्या आवाजात घर्षण ऐकले. घर्षण जास्त म्हणजे सांध्यावर पीळ जास्त, आणि पीळ जास्त म्हणजे गोळा हाडात सैल होणे अटळ, अशी कारणांची साखळी त्यांच्या मनात जुळली.

मग त्यांनी निरोगी सांध्याचे घर्षण प्रयोगशाळेत मोजले. ते बर्फावरून घसरणाऱ्या स्केटच्या घर्षणाहूनही कमी भरले. कृत्रिम सांध्याला शरीरातील वंगणाचा तसा लाभ मिळणार नाही, तेव्हा मुळातच निसरडा पदार्थ वापरला पाहिजे, या निष्कर्षावर ते आले. त्या काळातील सर्वांत निसरडा पदार्थ म्हणजे टेफ्लॉन. त्याची वाटी कमरेच्या हाडात आणि पोलादी गोळा मांडीच्या हाडात, अशी जोडी त्यांनी योजली. पीळ कमी व्हावा म्हणून गोळ्याचा आकार पुढे सुमारे २२ मिलिमीटरपर्यंत लहान केला. हाडात तो घट्ट बसावा म्हणून दंतवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या जातीचे ॲक्रिलिक सिमेंट वापरले. ही कल्पना त्यांना मँचेस्टरच्या दंत महाविद्यालयातील डेनिस स्मिथ यांच्याकडून मिळाली होती. हे काम मुख्यतः राइटिंग्टन येथील रुग्णालयात चालले. हाडांच्या क्षयाच्या रुग्णांसाठी उभारलेले हे रुग्णालय क्षयावर औषधे आल्यानंतर रिकामे होत चालले होते. चार्नली यांनी तेथेच खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभे केले.

पहिले निकाल विलक्षण होते. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे वेदनेशिवाय चालू लागली. १९६१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात चार्नली यांनी ही शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. यशोगाथा येथेच संपली असती, तर कोणाची हरकत नव्हती.

परंतु रुग्ण ठरावीक काळाने तपासणीला येत होते आणि चार्नली त्यांची क्ष-किरण चित्रे बारकाईने पाहत होते. टेफ्लॉनची वाटी झपाट्याने झिजत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. झिजेतून निघालेला चुरा भोवतालच्या ऊतींत साचून गाठी होत होत्या. हाड पोखरले जात होते, सांधे सैल होत होते. तोवर सुमारे तीनशे रुग्णांना हा सांधा बसविला गेला होता. एका शल्यविशारदाच्या आयुष्यात याहून मोठा आघात क्वचितच येत असेल. चार्नली यांनी टेफ्लॉन वापरणे थांबविले, अपयश जाहीर केले आणि बिघडलेले सांधे काढण्याच्या शस्त्रक्रियांचे ओझे स्वतःच्या शिरावर घेतले. आपल्याच हातचे काम पुन्हा उघडून दुरुस्त करणे हे त्यांनी प्रायश्चित्त मानले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. टेफ्लॉनचा चुरा त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि पुढे पर्यायी प्लास्टिकचा चुराही त्याच रीतीने तपासला. काही महिन्यांनंतरही टेफ्लॉनच्या जागी हाताला गाठ लागत होती, दुसऱ्या पदार्थाच्या जागी लागत नव्हती.

हा दुसरा पदार्थ प्रयोगशाळेत आला तो योगायोगाने. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांसाठी प्लास्टिकचे दातेरी चाक विकणारा एक विक्रेता १९६२ च्या मे महिन्यात राइटिंग्टनला आला. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीचे दिवस पाहिलेल्यांना अशा विक्रेत्यांची वर्दळ आठवत असेल. त्याच्याजवळ उच्च घनतेच्या पॉलिथिनचा तुकडा होता. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचे नख रोवून पाहिले आणि निरुपयोगी म्हणून बाजूला सारले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेबांचे मत असे असूनही तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्राला लावला. चार्नली परगावी गेले होते. यंत्र तीन आठवडे अहोरात्र चालले. तेवढ्या काळात झालेली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी होती. परत आल्यावर आकडे पाहून चार्नली यांनी आपले मत तत्काळ बदलले. नोव्हेंबर १९६२ मध्ये नव्या पदार्थाची पहिली वाटी रुग्णाच्या शरीरात बसली. खुब्याच्या रोपणात पॉलिथिन आजही वापरले जाते, मात्र ते आता अधिक टिकाऊ केलेल्या रूपात.

टेफ्लॉनचा चटका बसलेल्या चार्नली यांनी या वेळी घाई केली नाही. इतर शल्यविशारदांची मागणी वाढत असतानाही कित्येक वर्षे हा सांधा बाजारात मुक्तपणे विकू दिला नाही. ज्याला तो हवा, त्याने राइटिंग्टनला येऊन ही शस्त्रक्रिया शिकली पाहिजे, अशी अट होती. सर्वसाधारण विक्री सुरू झाली ती १९७० च्या सुमारास. दरम्यान प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली जात होती. मृत्यूनंतर आपला कृत्रिम सांधा तपासणीसाठी काढून घ्यावा, अशी संमती चार्नली रुग्णांकडून मागत आणि बरे झालेले रुग्ण ती आनंदाने देत. वर्षानुवर्षे चाललेल्या सांध्यात हाड, सिमेंट आणि प्लास्टिक यांचे काय झाले, हे त्यामुळे प्रत्यक्ष पाहता आले.

त्यांचा दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. सुरुवातीच्या काळात शंभरातील सुमारे सात रुग्णांना तो गाठत असे, आणि कृत्रिम सांध्यातला संसर्ग म्हणजे बहुधा सांधा काढून टाकणे. जंतू हवेतून जखमेत पडतात, या तर्काने त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचेची खोली उभारली आणि तिच्यात गाळलेली हवा वरून खाली सोडली. शल्यविशारदांच्या श्वासातील जंतू बाहेर पडू नयेत म्हणून हवा शोषून घेणारा अंगभर पोशाख तयार केला. पुढील दहाएक वर्षांत संसर्गाचे प्रमाण दोनशे रुग्णांत एक इतके खाली आले. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांवर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शुद्ध हवेमुळे खोल संसर्ग निम्म्यावर येतो, असे त्यात दिसले.

१९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७७ मध्ये सर हा किताब, असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. ५ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य व्रोब्लेव्स्की यांनी जुन्या रुग्णांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला आणि यातील काही सांधे वीस-तीस वर्षांनंतरही काम देत असल्याचे दाखवून दिले.

चार्नली यांचा प्रत्येक निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकला असे नाही. वरून हवा सोडण्याच्या व्यवस्थेचा लाभ पुढील काळातील मोठ्या नोंदींत स्पष्ट दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांधेरोपणासाठी तिचा आग्रह धरू नये असे सुचविले. पण गुरूचे मतही मोजमापाने तपासावे, हीच तर त्यांची शिकवण होती. एका माणसाने एका रुग्णालयात जे केले, ते स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू करून देशभर केले. इंग्लंड आणि वेल्सची नोंदवही २००३ मध्ये सुरू झाली.

नोंदवहीचे मोल काय, हे एएसआर नावाच्या धातूच्या खुब्याने दाखविले. तो अपेक्षेहून फार लवकर बिघडतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीतील आकड्यांवरून लक्षात आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेण्यात आला. भारतातही हजारो रुग्णांना तो बसविला गेला होता. पुढे केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली, तेव्हा त्यातील बहुसंख्य रुग्णांचा मागच लागत नव्हता. ज्यांच्या शरीरात सदोष सांधा आहे, त्यांना ते कळविण्याची सोय नव्हती.

मराठवाड्याच्या दृष्टीने ही गोष्ट दूरची नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया अधिकांच्या आवाक्यात आली. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अशा संस्थांतून पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि शस्त्रक्रियेचे परिणाम हा अस्थिव्यंगोपचारातील नेहमीचा विषय असतो. पण अभ्यासक्रम तीन वर्षांचा. सांध्याची खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतर. उदगीर, अहमदपूर, देगलूर किंवा किनवटकडचा रुग्ण टाके निघाले की गावी जातो. पाय दुखत नसताना एक दिवसाची मजुरी बुडवून शहरात का यायचे, हा त्याचा प्रश्नही खोटा नाही. शिवाय राइटिंग्टनचे रुग्ण खुर्चीवर बसणारे होते. मांडी घालून जेवणाऱ्या आणि उकिडवे बसून शेतात खुरपणाऱ्या माणसांच्या शरीरात हेच सांधे कसे टिकतात, हे इंग्लंडच्या आकड्यांवरून कळणार नाही. ते येथेच मोजावे लागेल.

त्यासाठी रुग्णाने दोन साध्या गोष्टी केल्या तरी पुष्कळ आहे. शस्त्रक्रियेच्या कागदांत सांध्याचे नाव आणि क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती जमिनीच्या सातबाऱ्यासारखी जपून ठेवावी. आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला, काहीही दुखत नसले तरी, क्ष-किरण तपासणीसाठी जावे. टेफ्लॉनची झीज चार्नली यांना वेळेत दिसली, कारण त्यांचे रुग्ण परत येत राहिले होते.