गंजाच्या थराशी झुंजणारा शास्त्रज्ञ

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात पंपाच्या स्टार्टरमधील संपर्क काळवंडले की मोटार अडते. धातू विजेचा उत्तम वाहक; पण त्यावर चढलेला ऑक्साइडचा पातळ थर विजेची वाट अडवतो. सव्वाशे वर्षांपूर्वी याच थराशी सर जगदीशचंद्र बोस यांची गाठ पडली.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. इंग्लंडमधील शिक्षणानंतर १८८५ साली ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी तीन वर्षे वेतनच स्वीकारले नाही.

विद्युतचुंबकीय लहरी टिपण्यासाठी त्या काळी धातूच्या किसाने भरलेली नळी, म्हणजेच ‘कोहेरर’, वापरीत. किसाच्या कणांवरील ऑक्साइडमुळे नळीचा रोध मोठा असे. लहर येताच तो थर जागोजागी भेदला जाई, कण एकमेकांना चिकटत आणि रोध एकदम घटे. पुढील संदेशासाठी मात्र नळीला टिचकी मारावी लागे. थर अगदी नसला तर उपकरण निकामी, आणि बंगालच्या दमट हवेत तो वाढला तरीही निकामी! बोस यांनी किसाऐवजी पोलादी स्प्रिंगा वापरल्या आणि गंज रोखण्यासाठी त्यांवर कोबाल्टचा मुलामा चढवला. १८९५ साली कोलकात्यात त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली.

१८९९ साली त्यांनी लोखंड व पारा यांच्या संपर्कावर आधारित, टिचकीविना पूर्ववत होणारा शोधक रॉयल सोसायटीपुढे मांडला. १९०१ साली मार्कोनी यांनी अटलांटिकपार संदेशासाठी वापरलेला पाऱ्याचा शोधक याच धाटणीचा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही श्रेयाच्या यादीत बोस यांचे नाव दीर्घकाळ मागेच राहिले. पेटंटमधून पैसा मिळवणे त्यांना रुचत नव्हते. स्नेह्यांच्या आग्रहावरून अर्ज केलेले अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळाले, पण त्याचा त्यांनी लाभ उठवला नाही.

सतत वापरलेला शोधक ‘थकतो’ आणि विश्रांतीनंतर सावरतो, हे त्यांनी टिपले. या निरीक्षणातून ते सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादाकडे आणि पुढे वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१७ साली त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

इतरांना जो केवळ गंज वाटला, त्यातील विजेचे वर्तन बोस यांनी चिकाटीने मोजले. उपकरणांचा तुटवडा असलेल्या प्रयोगशाळेतूनही जागतिक दर्जाचे विज्ञान घडते, याची साक्ष त्यांचे जीवन देते.