रुपयाचं दुखणं ओळखणारे बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो निळा कोट, चष्मा आणि हातातलं संविधान. आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीत कितीतरी घरांत ही तसबीर आहे. पण बचत गटाच्या बैठकीत मी एकदा विचारलं, की बाबासाहेबांच्या नावाआधीचं ‘डॉक्टर’ कशामुळे? बहुतेकींचं उत्तर आलं, कायद्यामुळे. तसं नाही हो! त्यांच्या दोन्ही डॉक्टरेट अर्थशास्त्रातल्या. एक अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची, दुसरी लंडनची. आणि लंडनच्या प्रबंधाचा विषय होता आपला रुपया. तोच, जो आपण रोज डब्यात, पदराच्या गाठीत, पर्समध्ये मोजून ठेवतो.

14 एप्रिल 1891 ला महू इथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातले. शाळेत शिवाशिवीचे चटके बसले, ते आपण पाठ्यपुस्तकात वाचलेलेच आहेत. पुढे कुटुंब मुंबईत गिरणगावात आलं, परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांत राहिलं. रमाबाईंशी लग्न झालं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. मंडप नाही की थाट नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली अमेरिकेला गेले. तिथून 1916 ला लंडनला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै साठवली, शाहू महाराजांची आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत घेतली आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठलं. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन, पोटात धड अन्न नाही. इकडे रमाबाई संसार रेटत होत्या. पाच मुलं झाली, जगले एकटे यशवंत. घरखर्चाला हातभार म्हणून रमाबाई आमच्या वरळीच्या बाजूला येऊन गोवऱ्या थापत, असं सांगतात. तेही पहाटे किंवा अंधार पडल्यावर, बॅरिस्टरची बायको शेण गोळा करते असं कुणी म्हणू नये म्हणून. रुपयाचा ग्रंथ तिकडे लिहिला जात होता आणि त्याचा खर्च इकडे असा निघत होता. बाबासाहेबांच्या चरित्रात हे पान मला सगळ्यात जड वाटतं.

आता त्या ग्रंथात होतं काय? विषय अवघड आहे, पण आपल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते. पूर्वी कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन द्यायची आणि रुपये पाडून घ्यायचे. रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. 1873 नंतर जगभर चांदी स्वस्त होत गेली, तसा सोन्याच्या पौंडापुढे रुपयाही घसरला. 1893 साली सरकारने लोकांसाठी टांकसाळ बंद केली. मग रुपया किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर आलं, आणि त्याचा भाव 1 शिलिंग 4 पेन्सला बांधला गेला. नाणं चांदीचं, पण किंमत त्यातल्या चांदीपेक्षा जास्त. म्हणजे एका अर्थी ती नोटच की! केन्स नावाच्या मोठ्या इंग्रज अर्थतज्ज्ञाला ही व्यवस्था चांगली वाटली होती. बाबासाहेबांनी त्याच्याविरुद्ध मत मांडलं. त्यांचं म्हणणं, पैसा किती काढायचा याला पक्की मर्यादा हवी, ती कारभाऱ्यांच्या लहरीवर सोडायची नाही. कारण पैसा वाढला की भाव वाढतात, पण मजुरी तेवढी वाढत नाही. रुपया घसरला की माल परदेशी पाठवणारा व्यापारी खूश, आणि त्याचा फायदा जातो तो मजुराच्या ताटातून.

हे कुठल्या दूर देशाचं नव्हतं. पहिल्या महायुद्धात महागाई इतकी भडकली की मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1919 आणि 1920 साली मोठे संप केले. चांदी अपुरी पडल्याने सरकारने 1917 मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढली. आणि जर्मनीत 1923 साली तर नोटा छापता छापता चलनच कोसळलं, एका पावाला अब्जावधी मार्क मोजायची वेळ बायकांवर आली.

त्याच 1923 मध्ये बाबासाहेबांचा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला. पैसे संपले होते, म्हणून ते मुंबईला परतले आणि इथे बसून पुन्हा लिहून पाठवला. प्रबंध मंजूर झाला, डिसेंबरमध्ये पुस्तक निघालं. आमच्या बीडीडी चाळींचं कामही त्याच दशकातलं, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांचं.

1925 साली रुपयाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोग भारतात आला. त्याच वर्षी गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, संप दोन महिन्यांहून जास्त चालला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मिटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 15 डिसेंबरला, बाबासाहेबांनी आयोगापुढे साक्ष दिली. रुपया स्वस्त करा अशी गिरणीमालकांची मागणी होती. परळच्या चाळीत राहणारा हा तज्ज्ञ मात्र महागाईचा भार कुणावर पडतो ते ओळखून होता. आयोगाने 1926 च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. रिझर्व्ह बँक एकट्या बाबासाहेबांनीच काढली असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. त्यामागे बरेच जण होते. पण त्या चर्चेत गिरणगावातला एक अभ्यासू आवाज होता, हे काय कमी आहे?

रिझर्व्ह बँक सुरू झाली 1 एप्रिल 1935 ला. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच 27 मे रोजी दादरच्या राजगृहात रमाबाई गेल्या. तोवर बाबासाहेबांचं नाव देशभर झालं होतं, स्वतःचं घर झालं होतं, पण सुखाचे दिवस रमाबाईंच्या वाट्याला फारसे आले नाहीत.

बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला गेले. त्यांच्या 125 व्या जयंतीच्या वर्षात, 2015 च्या 6 डिसेंबरला, सरकारने त्यांच्या चित्राची दोन नाणी काढली, एक दहा रुपयांचं आणि एक सव्वाशेचं. सव्वाशेचं संग्रहासाठी, दहाचं बाजारात चालणारं. दहाची नाणी घ्यायला काही दुकानदार नाक मुरडतात, पण मैत्रिणींनो, दहाच्या चौदाही प्रकारच्या नाण्यांना बाजारात मान्यता आहे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच जाहीर केलंय. कुणी नाही म्हणालं तर तसं ठणकावून सांगा.