नव्याकोऱ्या फेरारीचा रंग त्याने पुसून टाकला, आज त्याच्या रंगासाठी लोक कोटी मोजतात

वर्ष १९६८. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात ‘बुलिट’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग सुरू होतं. सिनेमाचा हिरो दिवसभर तिथल्या चढउताराच्या रस्त्यांवर हिरवी मस्टँग पळवत होता. अशातच त्याने स्वतःसाठी मागवलेली गाडी येऊन पोचली. इटलीत बनलेली, १९६७ सालची फेरारी २७५ जीटीबी/४. बारा सिलिंडरचं इंजिन आणि रंग नोच्चोला. इटालियनमध्ये नोच्चोला म्हणजे हेझलनट. फिकट तपकिरी, वर धातूची चमक.

नवी गाडी आली की आपल्याकडे नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं आणि सीटवरचं प्लास्टिक पुढचे सहा महिने निघत नाही. या गड्याने गाडी थेट ओळखीच्या रंगाऱ्याकडे धाडली. फेरारीच्या कारखान्याने दिलेला रंग गेला आणि त्या जागी आला गडद लाल, कियांती वाइनसारखा.

या हिरोचं नाव स्टीव्ह मॅक्वीन. त्याला जाऊन आता चार दशकांच्या वर काळ लोटलाय. पण जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावात त्याचं नाव निघालं की बोली कुठल्या कुठे जाते. आणि अशा वेळी तज्ज्ञ मंडळी आधी काय बघतात, तर गाडीच्या दारातली किंवा बॉनेटखालची छोटीशी पट्टी. त्यावर कोरलेला रंगाचा कोड.

या कोडाची भानगड समजून घ्यायची तर आधी माणूस समजून घ्यावा लागतो.

मॅक्वीनचा जन्म २४ मार्च १९३० चा, इंडियाना राज्यातल्या बीच ग्रोव्हचा. बाप विमानाच्या कसरती करणारा पायलट. पोरगं तान्हं असतानाच तो घर सोडून गेला. आईला दारूचं व्यसन. तिने पोराला मिझुरी राज्यातल्या स्लेटर गावी नातेवाइकांकडे ठेवलं. तिथं क्लॉड नावाचे आजोबांच्या वयाचे नातलग शेती करायचे. त्यांनी चौथ्या वाढदिवसाला पोराला एक तीनचाकी सायकल दिली. सायकलचा रंग लाल होता. आपल्याला वेगाचा नाद लागला तो त्या सायकलमुळे, असं मॅक्वीन पुढे सांगायचा.

पुढे आई त्याला परत घेऊन गेली. सावत्र बाप मारकुटा निघाला. पोरगं रस्त्यावर वाढलं, टोळ्यांमध्ये गेलं, चोऱ्या करू लागलं. शेवटी त्याची रवानगी कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या बॉइज रिपब्लिक या सुधारगृहात झाली. ही जागा तो आयुष्यभर विसरला नाही. स्टार झाल्यावर तो स्टुडिओकडून जीन्स, रेझर असल्या वस्तू डझनांनी फुकट मागून घ्यायचा. लोक म्हणायचे, किती हा चिकटपणा. नंतर कळलं, ते सगळं सामान सुधारगृहातल्या मुलांना जायचं.

१९४७ मध्ये तो मरीन दलात गेला. तिथं रणगाडा चालवला. शिक्षा म्हणून जहाजाच्या इंजिन रूममधल्या पाइपांवरचं अॅस्बेस्टॉस काढायचं कामही त्याच्या वाट्याला आलं. हे लक्षात ठेवा, ते शेवटी परत येणार आहे.

सैन्यातून सुटल्यावर सरकारी योजनेच्या पैशातून तो न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकला. शनिवार-रविवारी मोटरसायकलच्या रेस लावून वरखर्च भागवायचा. १९५८ मध्ये टीव्हीवर ‘वाँटेड : डेड ऑर अलाइव्ह’ ही मालिका मिळाली आणि हातात पैसा आला. पैसा आल्याआल्या त्याने काळी पोर्शे स्पीडस्टर घेतली. तिच्यावर रेस जिंकल्या, मग ती विकली, आणि पुढे हळहळ वाटली म्हणून तीच गाडी शोधून परत विकत घेतली.

त्यानंतर आली जॅग्वार एक्सकेएसएस. ही गाडी म्हणजे शर्यतीच्या डी-टाइप जॅग्वारला रस्त्यावर चालण्यापुरतं सभ्य केलेलं रूप. फेब्रुवारी १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या जॅग्वारच्या कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस जेमतेम सोळा बनून थांबल्या. त्यातली एक मॅक्वीनने पाच हजार डॉलरला घेतली. गाडी होती पांढरी, आत लाल चामडं. त्याने बाहेरून गडद हिरवी करून घेतली, इंग्रज रेसर मंडळी वापरतात तसली, आणि आतून काळी.

बघा, इथूनच खोड दिसते. दुकानातून आला तो रंग त्याला कधी पटायचाच नाही.

आता कोडाकडे येऊ. तुमच्या स्विफ्टला ओरखडा पडला तर टच-अप करणारा पोरगा नुसतं पांढरी आहे म्हणून डबा उघडत नाही. तो आधी गाडीवरच्या पट्टीवर कोड शोधतो, कारण पांढरे दहा प्रकारचे असतात. आरसी बुकात फक्त ‘व्हाइट’ लिहिलेलं असतं, खरी जात कोडात असते. जुन्या स्पोर्ट्स कारचंही तसंच, फक्त प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी.

‘बुलिट’मधल्या मस्टँगचंच घ्या. तिचा नंबर ८ आर ०२ एस १२५५५९. पहिला ८ म्हणजे १९६८ सालचं मॉडेल. आर म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा कारखाना. ०२ म्हणजे फास्टबॅक बॉडी, मागे उतरत्या छपराची. एस म्हणजे ३९० क्युबिक इंचाचं इंजिन. बाकीचा अनुक्रमांक. रंग मात्र या नंबरात नाहीच. तो फोर्डच्या वेगळ्या पट्टीवर असतो आणि त्या वर्षी हायलँड ग्रीन या हिरव्याचा कोड होता आर. म्हणजे एकाच गाडीवर आर दोन ठिकाणी, एका जागी त्याचा अर्थ कारखाना, दुसऱ्या जागी रंग. नवशिके इथेच फसतात.

आणि खरी गंमत खास ऑर्डरच्या गाड्यांची. गिऱ्हाइकाने यादीबाहेरचा रंग मागितला, तर पट्टीवर काय छापायचं? त्या काळात फोर्ड रंगाचा रकाना चक्क रिकामा सोडायची आणि ऑर्डरच्या रकान्यात नेहमीच्या दोन आकड्यांऐवजी सहा आकडे टाकायची. पोर्शेच्या अशा गाड्यांवर नेहमीच्या नंबराच्या जागी नुसते नऊ सापडतात. थोडक्यात, गाडी खास आहे एवढंच पट्टी सांगते. रंग कुठला, ते सांगत नाही. त्यासाठी कारखान्यातली जुनी कार्डं, विक्रीची कागदपत्रं धुंडाळायची, नाहीतर डॅशबोर्डच्या मागे, गालिच्याच्या खाली, जिथं रंगाऱ्याचा हात पोचत नाही तिथं मूळ रंगाचा ठिपका शोधायचा.

मॅक्वीनचा आवडता रंग म्हणाल तर पोर्शेचा स्लेट ग्रे. पाटीचा रंग असतो ना, तसा करडा. पोर्शेच्या तेव्हाच्या कोडात पहिले दोन आकडे यादीच्या सालाचे असत. त्यामुळे हाच स्लेट ग्रे आधी ६४०१, मग ६६०१ आणि नंतर ६८०१ झाला. चटकदार लाल-पिवळ्याच्या जमान्यात हिरोने करडी गाडी निवडावी याचं अनेकांना नवल वाटतं. मला नाही वाटत. हा माणूस पडद्यावरसुद्धा संवाद कापून टाका म्हणणारा होता.

रेसिंगचं वेड त्याला कुठवर घेऊन गेलं ते १९७० मध्ये दिसलं. फ्लोरिडातल्या सेब्रिंगची बारा तासांची शर्यत. डावा पाय मोडलेला, प्लॅस्टरमध्ये. तरी पठ्ठ्या पीटर रेव्हसनबरोबर पोर्शे ९०८ घेऊन उतरला आणि दोघे दुसरे आले. मारियो आंद्रेत्तीची फेरारी त्यांच्यापुढे अर्ध्या मिनिटानेही नव्हती. अर्थात जास्त वेळ गाडी रेव्हसनने चालवली होती, हेही सांगायला हवं.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘ल मान्स’ सिनेमा सुरू झाला. चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत उतरायची त्याची इच्छा विमा कंपन्यांनी हाणून पाडली. कथा धड ठरलेली नव्हती, दिग्दर्शक जॉन स्टर्जेस मध्येच सोडून गेला, डेव्हिड पायपर या रेसरने अपघातात पाय गमावला. मॅक्वीनला मानधनावर पाणी सोडावं लागलं. बायको नील अॅडम्सशी संसार तेव्हाच मोडकळीला आला होता आणि त्याला मॅक्वीनची बाहेरची लफडी कारणीभूत होती. १९७२ मध्ये घटस्फोट झाला. सिनेमाही पडला. या सगळ्या राड्यात सिनेमाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या शांत रस्त्यांवरून एक गाडी संथपणे जाताना दिसते. १९७० ची पोर्शे ९११ एस, स्लेट ग्रे. जवळजवळ तशीच घरी असल्याने त्याने ती नंतर विकून टाकली. २०११ मध्ये तिच गाडी पावणेचौदा लाख डॉलरला गेली.

१९७६ मध्ये त्याने नवी पोर्शे ९३० टर्बो मागवली. तोवर स्लेट ग्रे कंपनीच्या यादीतून गेला होता. मग काय, खास ऑर्डर. गाडीत मागचे दिवे बंद करायचं एक गुपचूप बटणही बसवून घेतलं, रात्री लॉस एंजेलिसच्या मलहॉलंड ड्राइव्हच्या वळणांवर पोलीस मागे लागले तर निसटता यावं म्हणून. पुढच्याच वर्षी त्याने जुनी हिरवी जॅग्वार परत विकत घेतली. ‘बुलिट’ची मस्टँगही परत हवी होती. तेव्हाच्या मालकाला त्याने पत्र लिहिलं, पण त्या कुटुंबाने गाडी दिली नाही.

१९७९ च्या डिसेंबरात डॉक्टरांनी निदान केलं, मेसोथेलिओमा. अॅस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर. जहाजातले ते पाइप आणि रेसर लोकांचे तेव्हाचे आगीपासून वाचवणारे कपडे, दोन्हींवर संशय घेतला जातो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो मेक्सिकोत गेला आणि कसलाही शास्त्रीय आधार नसलेले उपचार घेत राहिला. ऑपरेशननंतर ७ नोव्हेंबर १९८० रोजी हुआरेझ शहरात त्याचा मृत्यू झाला. वय अवघं पन्नास.

१९८४ मध्ये लास वेगासमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला आणि तिथून या गाड्यांचे भाव चढतच गेले. २०१५ मध्ये ती टर्बो साडेएकोणीस लाख डॉलरला गेली. कुणालाच नको असलेला, यादीतून काढलेला रंग हाच तिचा पुरावा झाला होता.

‘बुलिट’च्या स्टंटसाठी वापरलेली दुसरी मस्टँग २०१७ मध्ये मेक्सिकोतून उजेडात आली. हिरवी नव्हतीच ती, कुणीतरी पांढरी करून टाकली होती. कवडीमोलाने जायची. पण नंबर तपासला तर शेवटचे आकडे १२५५५८. मुख्य गाडीच्या अगदी आधीचा नंबर. मुख्य गाडीवर जानेवारी २०२० मध्ये ३४ लाख डॉलरची बोली लागली, आणि ती तिच्या गंज-पोपड्यांसकट विकली गेली. रंग काढून नवा दिला असता तर भाव पडला असता.

राहिली फेरारी. मॅक्वीनने ती १९७१ मध्ये ‘झोरो’ फेम गाय विल्यम्सला विकली. पुढच्या एका मालकाने तर छप्पर कापून तिची उघडी गाडी केली. शेवटी ती इटलीला, फेरारीच्या जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात गेली. छप्पर परत बसलं. मग प्रश्न आला रंगाचा. नियमाने बघाल तर अशा वेळी कारखान्याच्या नोंदीत असतो तोच रंग देतात, म्हणजे इथं नोच्चोला. पण फेरारीच्या माणसांनी गाडी मॅक्वीनच्या लाल रंगात रंगवली. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेला ती एक कोटी पावणेदोन लाख डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दराने ६० कोटी रुपयांच्या वर.