गावाची शाळा गावाला मोकळी करणारे हेन्री मॉरिस

आपल्या स्मरणिकेत एका इंग्रज गृहस्थाचे चरित्र कशासाठी, असे काही ज्ञातिबांधवांस वाटेल. त्यास कारण आहे. नोकरीच्या उमेदीत आम्ही एका खेड्यातील शाळेवर होतो. शाळेचे सभागृह गावच्या वर्गणीतून उभे राहिलेले. परंतु पाच वाजले की त्यास कुलूप पडे. एके दिवशी चार तरुण संध्याकाळी वाचनास जागा मागावयास आले. किल्ली आमच्याच खिशात होती. वरिष्ठांच्या धाकाने आम्ही ती दिली नाही, आणि ते शल्य अद्याप गेलेले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी मॉरिस यांच्याविषयी वाचनात आले, तेव्हा प्रथम तो प्रसंग आठवला.

हेन्री मॉरिस यांचा जन्म १८८९ साली इंग्लंडातील साउथपोर्ट या गावी एका सामान्य घरात झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते तेथील वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरीस लागले. पुढे मोठ्या कष्टाने त्यांनी उच्च शिक्षण घेतले, पहिल्या महायुद्धात सैन्यात सेवा केली, आणि नंतर केंब्रिज येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा केला. १९२२ साली ते केंब्रिजशायर जिल्ह्याचे मुख्य शिक्षणाधिकारी झाले. त्या पदावर त्यांनी तब्बल बत्तीस वर्षे काढली.

केंब्रिज शहरात जगद्विख्यात विद्यापीठ. पण भोवतालच्या खेड्यांत मात्र लहानसहान, जुनाट शाळा. तरुण मंडळी शहराची वाट धरीत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. १९२४ साली मॉरिस यांनी एक टिपण छापून प्रसिद्ध केले. त्यातील कल्पना अशी की, खेड्यांच्या एकेका समूहासाठी मध्यवर्ती ठिकाणी एकच चांगली वास्तू उभारावी. तीत मुलांची शाळा असावी, आणि तिच्याच आवारात ग्रंथालय, सभागृह, कार्यशाळा, क्रीडांगण व प्रौढांचे वर्गही असावेत. ही सर्व निरनिराळी बांधावयास खेड्याजवळ पैसा कोठून येणार? एकदाच बांधावे; दिवसा मुलांनी वापरावे, संध्याकाळी थोरांनी. शाळा आणि प्रौढांचे कार्य दोन्ही एकाच प्रमुखाच्या हाती असावे, हाही त्यांचा आग्रह. आमच्या मते सर्व मर्म येथेच आहे, कारण मालक दोन झाले की किल्लीचे भांडण आलेच! या वास्तूस त्यांनी व्हिलेज कॉलेज असे नाव दिले.

टिपण लिहिणे सोपे, पैसा उभारणे कठीण. मॉरिस स्वभावाने काहीसे तापट, परंतु चिकाटी विलक्षण. मदतीसाठी ते थेट अमेरिकेपर्यंत गेले. अखेर १९३० साली सॉस्टन येथे पहिले व्हिलेज कॉलेज झाले आणि इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९३७ साली बॉटिशॅम व लिंटन येथील दोन झाली.

चौथे इम्पिंग्टनचे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले नामांकित वास्तुशिल्पी वाल्टर ग्रोपियस यांना मॉरिस यांनी गाठले. खेड्यातील मुलांच्या शाळेस एवढा मोठा वास्तुशिल्पी कशाला, हा विचार त्यांच्या मनास शिवला नाही. सुंदर वास्तूत वावरणे हेच एक शिक्षण आहे अशी त्यांची श्रद्धा होती. ग्रोपियस यांचे सहकारी मॅक्सवेल फ्राय हे पुढे आपल्या चंदीगडच्या उभारणीतही होते, हे वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. या वास्तूत प्रौढांसाठी निराळा भाग ठेवलेला आहे. रात्रीच्या वर्गास आलेल्या पोक्त माणसाला पहिलीच्या बाकावर गुडघे दुमडून बसविताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांस याचे मोल वेगळे सांगावयास नको. १९३९ साली इम्पिंग्टनचे कॉलेज उघडले आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. बांधकामे थांबली. पाचव्या कॉलेजास, बॅसिंगबोर्नच्या, १९५४ साल उजाडावे लागले, आणि त्याच वर्षी मॉरिस निवृत्त झाले.

ते अविवाहित होते. उतारवयात त्यांनी तरुण कलावंतांना राहण्यास व काम करण्यास जागा मिळावी म्हणून डिग्सवेल येथे एक संस्था उभी केली. जागा मिळवून देण्याचा छंद शेवटपर्यंत सुटला नाही, असेच म्हणावयाचे! डिसेंबर १९६१ मध्ये ते निवर्तले. सॉस्टन व इम्पिंग्टन येथील शाळा आजही भरतात.