रांगेचं गणित मांडणारा शिक्षक : ॲग्नर एर्लांग

सर्व्हरला जोडलेल्या स्टोरेजकडे एकाच क्षणी शेकडो मागण्या येऊन धडकतात. कुणाला फाइल उघडायची असते, कुणाला पैसे भरल्याची नोंद करायची असते. ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर या मागण्या रांगेत लावतो. पण रांगेतल्या जागा मोजक्याच असतात. त्या संपल्या की दोनच मार्ग उरतात. नव्या मागणीला ताटकळत ठेवायचं, नाहीतर परत पाठवायचं. मग जागा किती ठेवाव्यात? कमी ठेवल्या तर काम अडतं, जास्त ठेवल्या तर मेमरी वाया जाते.

या प्रश्नाचं मूळ गणित आजचे संगणक येण्याच्या कितीतरी आधी डेन्मार्कमधल्या एका शिक्षकाने मांडून ठेवलं होतं. त्यांचं नाव ॲग्नर क्रारुप एर्लांग.

शाळामास्तरांचा मुलगा

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लनबोर्ग या गावी झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चचं कामही पाहायचे. आईच्या घराण्यात थॉमस फिंके हे जुने गणितज्ञ होऊन गेले होते. त्रिकोणमितीतले टॅन्जंट आणि सीकंट हे शब्द त्यांनीच रूढ केले.

घरात पुस्तक एक आणि वाचणारे दोघे, असं व्हायचं. मोठा भाऊ फ्रेडरिक वाचायला बसला की ॲग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा. पुढे परीक्षेची वेळ आली तेव्हा त्याचं वय कमी भरलं, म्हणून खास परवानगी काढावी लागली. परीक्षेत तो उत्तम गुणांनी पास झाला. मग गावी परतून त्याने वडिलांच्याच शाळेत दोन वर्षं शिकवलं.

१८९६ मध्ये शिष्यवृत्तीच्या आधारावर ते कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले. १९०१ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन त्यांनी पदवी मिळवली. पुढची सात वर्षं वेगवेगळ्या शाळांत शिकवण्यात गेली. गणिताची ओढ मात्र सुटली नव्हती. डॅनिश गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकांना ते नेमाने जायचे. तिथेच त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. येन्सन यांच्या नावाची असमानता आजही गणितात शिकवली जाते, पण ते नोकरीने कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता होते. त्यांनी एर्लांग यांची गाठ कंपनीचे प्रमुख फ्रेडरिक योहानसेन यांच्याशी घालून दिली. १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत रुजू झाले आणि पुढे तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

तारा किती टाकायच्या?

त्या काळी फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाई दोन तारा जोडून द्यायच्या. समजा, एका गावात शंभर फोन आहेत. सगळे एकाच वेळी बाहेरगावी बोलत नाहीत, त्यामुळे शंभर तारा टाकणं म्हणजे पैसा मातीत घालणं. पण दोनच तारा टाकल्या तर लोकांचे फोन लागणार नाहीत. कंपन्यांचा कारभार बराचसा अंदाजाने चालायचा. योहानसेन यांनी या प्रश्नाला हात घातला होता, पण पक्कं गणित हवं होतं.

एर्लांग यांनी १९०९ मध्ये पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. फोन करणाऱ्या माणसाला दुसरा कधी फोन करणार आहे हे माहीत नसतं. म्हणून फोन कसेही, कधीही आल्यासारखे दिसतात. पण असे स्वतंत्रपणे येणारे फोन मोजले, तर त्यांची संख्या फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या नियमानुसार चालते, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे पुढचा फोन कधी येईल हे सांगता येत नाही, पण एका तासात अमुक इतके फोन येण्याची शक्यता किती, हे सांगता येतं.

१९१७ मध्ये त्यांची प्रसिद्ध सूत्रं आली. एक सूत्र अशा व्यवस्थेसाठी, जिथे सगळ्या तारा गुंतलेल्या असतील तर फोन सरळ नाकारला जातो. दुसरं, जिथे फोन करणाऱ्याला थांबवून ठेवलं जातं. पहिल्या सूत्राने हिशेब केला तर एक गंमत दिसते. एक तार सतत गुंतून राहील इतकी वर्दळ असेल आणि शंभरातला एकाहून अधिक फोन नाकारायचा नसेल, तर पाच तारा लागतात. वर्दळ दहापट झाली तर मात्र पन्नास लागत नाहीत, अठरा पुरतात. वेगवेगळ्या छोट्या रांगांपेक्षा एकत्र साठा का परवडतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यानेही हे सूत्र स्वीकारलं.

शिडी घेऊन फिरणारा गणितज्ञ

एर्लांग यांचं काम नुसतं कागदावरचं नव्हतं. सुरुवातीला प्रयोगशाळेत मदतीला माणसंच नव्हती. जमिनीखालच्या केबलमधल्या गळक्या विजेची मोजमापं ते स्वतः घ्यायचे. शिडी उचललेल्या एका कामगारासोबत ते रस्त्यावरून जायचे आणि मॅनहोलमध्ये उतरायचे.

त्यांनी लग्न केलं नाही. पुस्तकं जमवणं हा त्यांचा छंद होता. गरजू माणसं त्यांच्या दारी यायची आणि ते गाजावाजा न करता मदत करायचे. कंपनीतल्या जवळपास वीस वर्षांत त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते इस्पितळात दाखल झाले आणि ३ फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. वय अवघं ५१ वर्षं.

त्यांचे लेख मुळात डॅनिश भाषेत होते. ते मुळातून वाचता यावेत म्हणून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला एक संशोधक डॅनिश शिकला. १९४६ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीच्या आंतरराष्ट्रीय एककाला 'एर्लांग' हे नाव मिळालं. एक तार तासभर सलग गुंतलेली, म्हणजे एक एर्लांग वर्दळ. तीन-तीन मिनिटांचे वीस फोन झाले, तरी हिशेब तोच.

आजच्या ड्रायव्हरमध्ये एर्लांग

तारांच्या जागी आता रांगेतल्या जागा आल्या आहेत. जुन्या साटा पद्धतीच्या डिस्कला एका रांगेत ३२ आज्ञा घेता येतात. नव्या एनव्हीएमई पद्धतीत तर सुमारे ६५ हजार रांगा आणि प्रत्येक रांगेत तितक्याच आज्ञा, अशी मुभा आहे. पण मुभा आहे म्हणून सगळ्या वापरता येत नाहीत, कारण प्रत्येक रांगेला मेमरी लागते. नेटवर्कवरून जोडणीची नवी विनंती आली की ड्रायव्हरला ही मेमरी राखून ठेवावी लागते. ती शिल्लक नसेल तर विनंती नाकारावी लागते.

इथे एक सावधगिरी हवी. एर्लांग यांच्या पहिल्या सूत्रात नाकारलेला फोन कायमचा निघून जातो. संगणक मात्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, शिवाय त्याच्या मागण्या अनेकदा झुंडीने येतात. म्हणून या सूत्रातून आलेल्या आकड्याला शेवटचा शब्द न मानता तिथून सुरुवात करायची असते. नाकारलेल्या विनंतीने लगेच परत येऊ नये, थोडं थांबून यावं, अशी सोयही करावी लागते.

आज कस्टमर केअरमध्ये किती माणसं बसवायची, हे ठरवतानाही एर्लांग यांचीच सूत्रं वापरली जातात. फोन लावल्यावर कानावर संगीत पडत राहिलं, तर तुम्ही त्यांच्या दुसऱ्या सूत्रात उभे आहात असं समजा.