विद्याव्रती जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर



यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाने मला आज्ञा केली. थोर पुरुषांची जगात वाण नाही. परंतु लेखणी हाती घेताच आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या बैठकीतील एक प्रसंग मला आठवला. आपल्या समाजातील एका मुलीने बी. एस्सी. झाल्यावर वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करण्यासाठी साहाय्य मागितले होते. वैद्यकी नव्हे, अभियांत्रिकी नव्हे. झाडपाल्याच्या अभ्यासात आणखी दोन वर्षे कशाला घालवावीत, असा सूर बैठकीत निघाला. त्या सुरात माझाही सूर होता. अर्ज बाजूला ठेवला गेला. घरी आल्यावर मात्र चित्ताला स्वस्थता लाभेना. ज्या पुरुषाची गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे मुलांना सांगितली, त्याचे सारे आयुष्यच आमच्या त्या निर्णयाविरुद्ध साक्ष देत होते. त्या पुरुषाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी घरांना परके राहिलेले नाही. भुईमुगापासून शेकडो वस्तू करून दाखविणारा कृष्णवर्णी शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यापूर्वीचे कार्व्हर, म्हणजे विद्यापीठाच्या उच्च पदवीसाठी झटणारे कार्व्हर, यांच्याकडे आपले लक्ष तितकेसे जात नाही. आज मला मुख्यतः त्यांच्याविषयी सांगावयाचे आहे.

कार्व्हर यांचा जन्म सुमारे १८६४ साली अमेरिकेतील मिझुरी राज्यात डायमंड या गावानजीक एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. तान्ह्या वयातच लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. आईचा पुढे पत्ता लागला नाही. मूल तेवढे परत मिळाले आणि त्याच्या मोबदल्यात एक घोडा द्यावा लागला, अशी हकीकत सांगतात. मालक मोझेस कार्व्हर व त्यांची पत्नी सुझन यांनी जॉर्ज व त्याचा भाऊ जिम यांना वाढविले. प्रकृती नाजूक असल्याने जॉर्जच्या वाट्याला शेतातील जड कामे आली नाहीत. त्यामुळे रानातील झाडेझुडपे हीच त्याची पहिली शाळा झाली. जवळच्या शाळेत काळ्या मुलांस प्रवेश नव्हता. म्हणून तो निओशो गावी गेला आणि तेथे मरायाह वॉटकिन्स या माउलीच्या घरी कामे करीत शिकू लागला. पुढे कॅन्सस राज्यात गावोगावी धुणी धुऊन व स्वयंपाक करून त्याने माध्यमिक शिक्षण पुरे केले.

त्यानंतर कॅन्ससमधील हायलंड येथील महाविद्यालयाने त्याचा अर्ज टपालाने मान्य केला. मोठ्या आशेने तो तेथे पोहोचला. परंतु त्याचा वर्ण दृष्टीस पडताच प्रवेश नाकारण्यात आला. गुण तेच, अर्ज तोच. आड आली ती कातडी. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत किती दूरवर पसरली होती, हे आपल्यासारख्यांना निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

काही वर्षे कोरडवाहू जमीन कसून पाहिल्यावर १८९० साली आयोवा राज्यातील इंडियानोला येथील सिम्पसन महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. फी भरल्यावर हाती अवघे दहा सेंट उरले होते. सहाध्यायांचे कपडे धुऊन ते पोट भरू लागले. त्यांची ओढ चित्रकलेकडे होती. परंतु त्यांच्या चित्रांतील फुलापानांची बारीक जाण पाहून चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांना वनस्पतिशास्त्राकडे वळविले. या बाईंचे वडील एम्स येथील आयोवा राज्य कृषी महाविद्यालयात फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. हेच महाविद्यालय आज आयोवा स्टेट विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. १८९१ साली कार्व्हर तेथे दाखल झाले. त्या संस्थेतील ते पहिले कृष्णवर्णी विद्यार्थी होत.

आरंभ सुखाचा नव्हता. इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीस त्यांना बसू दिले नाही. तळघरात नोकरमंडळींबरोबर जेवावे लागे. ही वार्ता इंडियानोलातील एका गोऱ्या परिचित बाईंच्या कानी गेली. त्या आगगाडीने एम्सला आल्या आणि जाणूनबुजून तळघरात कार्व्हरांच्या शेजारी बसून जेवल्या. त्यानंतर तेथील वारे हळूहळू पालटले. राहण्यास वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा एक जुनी कचेरी त्यांना मोकळी करून देण्यात आली. एकीने जेवणाची पंगत दिली, कोणी डोक्यावर छप्पर दिले, एकीने योग्य दिशा दाखविली. ही साहाय्ये दिसावयास लहान खरी. पण त्यांतील एखादे नसते, तर पुढचे कार्व्हर घडले असते काय?

१८९४ साली ते पदवीधर झाले. मनुष्य वनस्पतींमध्ये कसे इष्ट बदल घडवून आणतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. येथेच थांबणे त्यांना सहज शक्य होते. परंतु प्राध्यापक लुई पॅमेल यांनी त्यांना साहाय्यक म्हणून ठेवून घेतले व उच्च पदवीचा अभ्यास करण्यास प्रोत्साहन दिले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकविणे, काचघरातील रोपांची निगा राखणे आणि उरलेल्या वेळी सूक्ष्मदर्शकावर बसणे, असा त्यांचा दिनक्रम झाला. विषय होता बुरशींचा. पानांवरील ठिपके, तांबेरा, फळांवरील कुजवा ही पिकांची दुखणी ज्या सूक्ष्म बुरशींमुळे होतात, त्यांचे नमुने गोळा करणे आणि त्यांची ओळख पटविणे, हे ते काम. रानावनातून नेमका नमुना हुडकून आणण्यात त्यांचा हातखंडा होता. पॅमेल यांच्यासह त्यांचे लेखनही प्रसिद्ध झाले. पुढे बुरशींच्या काही जातींना कार्व्हर यांचेच नाव देण्यात आले.

याच काळात एका सहकाऱ्याचा सहा वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर रानात फिरावयास जात असे. फुलांचे भाग कसे ओळखावेत, हे त्या बालकास या विद्यार्थ्यानेच शिकविले. तो बालक म्हणजे हेन्री वॉलेस. पुढे तो मक्याच्या संकरित वाणांचा पुरस्कर्ता झाला आणि १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता.

१८९६ साली कार्व्हर यांना उच्च पदवी मिळाली. आयोवात मानाची जागा होती व संशोधनास अवसर होता. अशा वेळी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णी मुलांसाठी त्यांनी चालविलेल्या संस्थेत शेतकीचा विभाग उभारावयाचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात कार्व्हर टस्कीगीस गेले. तेथे प्रयोगशाळा नव्हतीच. उकिरड्यावरील बाटल्या व मोडकी भांडी वेचून त्यांनी ती उभी केली. कपाशी घेऊन घेऊन तेथील जमिनीचा कस गेला होता. चवळी, भुईमूग यांसारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नत्र धरून ठेवतात व जमीन पुन्हा सकस होते, हे शास्त्र त्यांनी गरीब शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले. त्यासाठी साध्या भाषेतील चव्वेचाळीस पुस्तिका काढल्या. १९०६ पासून अवजारांनी व बियाण्यांनी भरलेली गाडी खेडोपाडी फिरविली.

त्यांच्याविषयी काही अतिशयोक्तीही रूढ आहे. शेंगदाण्याचे लोणी हा त्यांचा शोध नव्हे आणि त्यांच्या अनेक वस्तू बाजारात कधी आल्याच नाहीत. यामुळे त्यांची थोरवी उणावत नाही. रोगट पान पाहून त्याचे निदान करणारी विद्या त्यांच्यापाशी होती व ती त्यांनी अडाणी कुळांच्या दारी नेऊन पोहोचविली, यातच त्यांचे मोठेपण आहे. उतारवयात, १९३५ साली, सरकारच्या कृषी खात्याने त्यांना सहकारी म्हणून नेमले, तेही बुरशी व पीकरोगांच्या पाहणीसाठीच! दोन वर्षांची ती विद्या अशी जन्मभर पुरली. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. परंतु परीक्षा देऊन मिळविलेली त्यांची सर्वोच्च पदवी एम्स येथील तीच होती. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे देहावसान झाले. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी संशोधनासाठी स्थापलेल्या निधीस दिली.

मी स्वतः मॅट्रिकपुढे शिकू शकलो नाही. कदाचित म्हणूनच उच्च विद्येचे मोल करताना मी चटकन नोकरीचा हिशेब मांडला. एम. एस्सी. झालेल्या प्रत्येकाचा कार्व्हर होईल, असे माझे म्हणणे नाही. परंतु विद्येचे फळ कोणत्या शेतात व किती वर्षांनी पिकेल, हे बैठकीत बसून ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तो बाजूला ठेवलेला अर्ज पुढील बैठकीत पुन्हा विचारार्थ घ्यावा, अशी विनंती मी कार्यवाहांना लेखी कळविली असून माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम निधीकडे जमा केली आहे. ज्ञातिबांधवांनी आपापल्या शक्तीनुसार तीत भर घालावी, एवढीच प्रार्थना. त्या मुलीला आपल्या पंक्तीस बसवून घेणे, हे आता आपल्याच हाती आहे.